गच्चीसमोरचा तो सुतारच का?

सावर फुलली की माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. द्वारकेहून, मयूर विहारहून, गुरुग्रामच्या कुठल्याशा विसाव्या मजल्यावरून. सोबतचा मजकूर ठरलेला: ‘आमच्याकडे सुतार पक्षी आलाय, जात कोणती?’ फोटो उघडावा तर हिरवळीवर तुरा फुलवून चालणारा हुदहुद. दुसऱ्यात कडुनिंबाच्या शेंड्यावर फुगून बसलेला तांबट. तिसऱ्यात मात्र खरोखरच खोडाला बिलगलेला, सोन्याच्या पाठीचा सुतार, आणि खाली काळजीचा सूर: ‘हा झाड पोखरतोय. हाकलून लावू का?’

हाकलू नका. बाकीच्या शंकांची उत्तरे एकेकाला वेगवेगळी लिहीत बसण्यापेक्षा एकदाच लिहितो. दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम आणि फरिदाबादला राहणारी मराठी मंडळी डोळ्यांसमोर आहेत. त्यांच्याकडे दुर्बीण असेलच असे नाही, पण गच्ची, गॅलरी किंवा सकाळच्या फिरण्यातली बाग असते. तेवढे पुरते.

जात नंतर, आधी सुतार आहे का ते ठरवा

बहुतेकांची चूक इथेच होते. पक्षी दिसला की नजर रंगावर जाते आणि तुरा, लाल डोके, काळे-पांढरे पट्टे यांतले काहीही दिसले की आपण ‘सुतार’ म्हणून मोकळे होतो. रंग शेवटी बघा. आधी तो बसलाय कसा ते बघा.

- खोडावर उभा असतो. बाकीचे पक्षी फांदीवर आडवे बसतात. सुतार खोडाला समांतर, डोके वर करून चिकटतो. पायाची दोन बोटे पुढे, दोन मागे, म्हणून ही पकड.
- शेपटीचा टेकू घेतो. शेपटीची पिसे ताठ असतात. दोन पाय आणि शेपटी अशी तिपाई करून तो ठोकतो. हे एकदा ओळखीचे झाले की पाठमोरी सावली दिसली तरी चुकायचे नाही.
- झटक्याझटक्याने वर सरकतो. खाली यायचे झाले तर डोके खाली करत नाही. शेपटी खालीच ठेवून, मागे मागे उतरतो, शिडीवरून उतरणाऱ्या माणसासारखा.
- उडताना हेलकावे खातो. चार-दोन वेळा पंख मारले, मिटले, खाली आला, पुन्हा मारले.

पहिल्या दोन खुणा जुळल्या की सुतार नक्की. त्या न दिसता नुसता तुरा दिसला, तर सुतार म्हणायची घाई करू नका.

संजय वनात एकदा मला सोनपाठी सुताराच्या शेपटीचे एक पीस पडलेले दिसले. टोक असे झिजलेले, की वर्षभर अंगण झाडलेला खराटाच. पीस पाहून तिथेच ठेवले. तुम्हीही तसेच करा. जंगलातले काही घरी आणायचे नाही हा नियम पिसालाही लावलेला बरा.

ज्यांना सुतार म्हणतात ते बाकीचे

पहिला मान हुदहुदाचा. मातकट-बदामी अंग, पंखांवर काळे-पांढरे पट्टे, डोक्यावर पंख्यासारखा उघडमिट करणारा तुरा आणि बारीक, खाली वळलेली लांब चोच. हा जमिनीवर चालतो आणि हिरवळीत चोच खुपसून किडे काढतो. लोधी गार्डनमध्ये सकाळी गेलात तर हमखास दिसेल. तिथल्या एका माळीबुवांनी मला तो ‘कठफोड़वा’ म्हणून मोठ्या हौसेने दाखवला होता, आणि मुले शाळेतल्या हिंदीतून तेच नाव घेऊन घरी येतात. हुदहुद लाकूड फोडत नाही. चोच त्या कामाची नाही. भिंतीतल्या किंवा झाडातल्या तयार भोकात तो संसार थाटतो, म्हणून घोळ आणखी वाढतो.

दुसरा तांबट. एप्रिल-मेच्या भर दुपारी ‘टुक् टुक् टुक्’ असा एकाच लयीत, भांडे ठोकल्यासारखा आवाज येतो तो याचा. आवाज गळ्यातला आहे, चोचीने लाकडावर मारलेला नाही. चिमणीपेक्षा जरा मोठा, गुटगुटीत, हिरवा, कपाळ आणि छाती लाल. त्याचा थोरला भाऊ, तपकिरी डोक्याचा तांबट, दिल्लीच्या वडा-पिंपळांवर ‘कुटर्र कुटर्र’ करत असतो. हे दोघे वाळक्या लाकडात स्वतः भोक पाडतात हे खरे. म्हणून नुसत्या भोकावरून निकाल देऊ नका. तांबट आडव्या वाळक्या फांदीच्या खालच्या अंगाला भोक करताना दिसला, तर नवल मानू नका. सोनपाठी सुताराचे भोक बहुधा उभ्या बुंध्यात असते.

तिसरी फसवणूक कानाची. पांढऱ्या छातीचा खंड्या ओरडत उडतो तेव्हा सोनपाठ्याच्या खिंकाळण्याची आठवण होते. मीही फसलो आहे. आवाजाच्या दिशेने मान वर करून झाड धुंडाळावे, तर पक्षी विजेच्या तारेवर, निळा.

दिल्लीत पर्याय चारच

दिल्लीची रिज म्हणजे अरवलीचे शेपूट. शास्त्रीय वर्गीकरणात ते उष्णकटिबंधीय काटेरी वन आहे: कोरडे, खुरटे, आणि आता बरेचसे विलायती बाभळीने व्यापलेले. सह्याद्रीत जितके सुतार, तितके इथे नाहीत. हे आपल्या पथ्यावर पडते. चार नावे पाठ केलीत की काम झाले.

१. सोनपाठी सुतार. तुम्ही पाहिलेला सुतार बहुतेक हाच. लांबी २६ ते २९ सेंटिमीटर, म्हणजे साळुंकीपेक्षा थोडा मोठा. पाठ सोनेरी पिवळी, पंखांच्या कडा काळ्या, पोट पांढरट आणि त्यावर काळ्या रेघा. नराचे कपाळापासून मागच्या तुऱ्यापर्यंत सगळे डोके लाल असते. मादीचे कपाळ काळे, त्यावर पांढरे ठिपके, आणि लाल फक्त मागचा तुरा. गळा नीट बघा: काळा, त्यावर बारीक पांढऱ्या चिरा. उडताना कंबरही काळी दिसते. या दोन खुणा पुढे गावी गेल्यावर उपयोगी पडतील.

हा नुसता झाडावरच राहतो असे नाही. मुंग्यांसाठी जमिनीवर उतरतो, वारुळाशी रेंगाळतो. सावरीच्या फुलात मान घालून मधही पितो. तेव्हा लॉनवर दिसला म्हणून ‘हा सुतार नसेल’ असे म्हणू नका, पुन्हा शेपटी आणि चोच बघा.

२. मराठा सुतार. होय, हेच नाव. जॉन लॅथम या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञाने १८०१ मध्ये याला लॅटिनमध्ये ‘महरट्टेन्सिस’ म्हटले, म्हणजे मराठ्यांच्या मुलखातला. गंमत अशी की त्या साली खुद्द दिल्लीवरच शिंद्यांचा अंमल होता. तो संपला १८०३ च्या सप्टेंबरात, पटपडगंजच्या लढाईत. आज त्याच पटपडगंजच्या सोसायट्यांत राहणाऱ्या एखाद्या कुलकर्ण्यांना हा पक्षी दिसला, तर त्यांनी दोन मिनिटे जास्त थांबून बघावे असे मला वाटते.

आकार १७-१८ सेंटिमीटर, बुलबुलापेक्षा किंचित लहान. पाठीवर काळपट तपकिरीवर पांढरे ठिपके, जणू चुन्याचे शिंतोडे. कपाळ पिवळसर तपकिरी, नराच्या डोक्याच्या मागे लाल चट्टा, मादीला तो नाही. पोटाच्या खालच्या भागात दोघांनाही लालसर डाग असतो, पण तो खालून बघितल्याशिवाय दिसत नाही. घनदाट झाडी याला नको. मोकळे माळ, बाभळी, विरळ राई, शेताच्या बांधावरची झाडे ही याची जागा. म्हणून तो शहराच्या मधोमध कमी आणि गुरुग्राम-फरिदाबादच्या कोरड्या अरवलीत, असोला-भाटीच्या बाजूला शोधावा.

३. खुजा, तपकिरी डोक्याचा सुतार. जेमतेम १३ सेंटिमीटर, चिमणीहून लहान. बारीक डहाळ्यांवर फिरतो, म्हणून पानांत हरवतो. दिल्लीत क्वचित. दिसलाच तर फोटो काढा, नाहीतर कोणी विश्वास ठेवणार नाही.

४. मानमोडी. सुतारांच्याच कुळातला, पण वागणे वेगळे. हिवाळी पाहुणा. १६-१७ सेंटिमीटर, रंग वाळक्या सालीसारखा करडा-तपकिरी आणि मानेवरून पाठीवर उतरणारा गडद पट्टा. धोका वाटला की मान सापासारखी वळवतो, नाव त्यावरून पडले. शेपटी ताठ नाही, स्वतः भोक पाडत नाही, मुख्यतः जमिनीवर मुंग्या टिपतो. वर दिलेल्या चार खुणांपैकी बऱ्याच याला लागू होत नाहीत, हे मान्य. नियमाला अपवाद असतोच, आणि तो ऑक्टोबर ते मार्च आपल्याकडे मुक्कामाला येतो.

ठोकणे दोन प्रकारचे

‘रोज सकाळी सहाला खडखडाट करतो, झोप मोडतो’ अशी तक्रार असेल तर आधी आवाज ओळखा.

अनियमित, थांबून थांबून येणारी ‘ठक्... ठक्ठक्... ठक्’ म्हणजे खाण्याचा शोध. सालीखालच्या अळीचा माग काढतो, साल उचकटतो, मग लांब चिकट जीभ आत सोडतो. सलग, एकसारखी, ताशाच्या तडतडाटासारखी छोटी लड आली तर ती दवंडी आहे: हा माझा इलाखा, जोडीदाराने यावे. त्यासाठी तो मुद्दाम घुमणारी वस्तू निवडतो. वाळका बुंधा नसेल तर विजेच्या खांबावरची पत्र्याची पेटी किंवा पाण्याच्या टाकीचे झाकणही चालते. विणीचा हंगाम ओसरला की हे आपोआप थांबते. तोवर सहन होत नसेल तर त्या पत्र्यावर जुने पोते किंवा चटई बांधा. घुमला नाही की तो दुसरी जागा बघतो. विजेच्या पेटीला मात्र स्वतः हात लावू नका.

मुले विचारतात, एवढे आपटून त्याचे डोके दुखत नाही का? कवटीत स्पंजासारखे हाड असते आणि ते धक्का शोषते, असे आपण वर्षानुवर्षे ऐकले. २०२२ मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनी वेगवान चित्रीकरणाने दाखवले की तसे नाही. कवटी घट्ट हातोडीसारखीच काम करते. मेंदूच इतका लहान की तेवढा धक्का त्याला बाधत नाही.

कुठे जावे, केव्हा जावे

लांब जायची गरज नाही. तुमच्या कॉलनीत जुना कडुनिंब, जांभूळ, आंबा किंवा सावर असेल तर तिथूनच सुरुवात करा. बाहेर पडायचेच असेल तर:

- लोधी गार्डन आणि सुंदर नर्सरी: सोनपाठी बघायला सर्वांत सोप्या जागा. माणसांची सवय असल्याने पक्षी फार लाजत नाहीत. हुदहुद शेजारीच असतो, म्हणून दोघांतला फरक इथेच गिरवा.
- संजय वन आणि जहांपनाह: वाळके बुंधे शिल्लक आहेत, म्हणून भोके दिसतात. संजय वनात एकट्याने आडवाटेला जाऊ नका.
- अरवली जैवविविधता उद्यान, गुरुग्राम: खाणींनी उजाड झालेली जमीन, तिच्यावर अरवलीची मूळ झाडे पुन्हा लावून उभे केलेले वन. मराठा सुतारासाठी इथे वेळ द्या.
- असोला-भाटी अभयारण्य: बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे (बीएनएचएस) निसर्ग शिक्षण केंद्र इथे आहे. नवख्यांनी त्यांच्या फेरीबरोबर गेलेले बरे.
- मांगर बणी, फरिदाबाद: बणी म्हणजे आपली देवराईच. गावकऱ्यांनी श्रद्धेने राखलेले धौ वृक्षांचे जंगल. जाताना देवराईत जातो तसे जा: आवाज नाही, कचरा नाही, काही तोडायचे नाही.

ओखला आणि सुलतानपूरला जे जातात ते पाणपक्ष्यांसाठी. सुतारासाठी मुद्दाम तिकडे जाऊ नका.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे उठून उपयोग नाही, धुक्यात स्वतःचे बूट दिसत नाहीत. नऊनंतर ऊन पडले की जा. फेब्रुवारी-मार्च सर्वांत चांगला काळ: सावर आणि पळस फुललेले, पाने झडलेली आणि पक्षी बोलते झालेले. पाहताना एक युक्ती ध्यानात ठेवा. सुताराला तुम्ही दिसलात की तो उडत नाही, गुपचूप खोडाच्या मागे सरकतो. लोक त्याच्यामागून झाडाला प्रदक्षिणा घालतात आणि तोही उलट दिशेने प्रदक्षिणा घालतो. जागचे हलू नका. थोडा वेळ थांबा, एका बाजूने चोच बाहेर येईलच.

भोक दिसले, आता काय?

सोनपाठ्याची वीण साधारण फेब्रुवारी ते जुलै. दिल्लीत मार्च-एप्रिलमध्ये बुंध्याखाली ताजा, फिकट लाकडाचा चुरा पडलेला दिसला तर वर बघा. आमच्या एका शेजाऱ्यांच्या स्कूटरच्या सीटवर रोज असा भुगा पडायचा. त्यांनी कितीतरी दिवस सोसायटीतल्या सुतारकाम करणाऱ्याला दोष दिला.

अंडी पांढरी, बहुधा दोन किंवा तीन. साधारण ११ दिवसांत पिल्ले बाहेर येतात आणि पुढे २० दिवसांच्या आसपास उडून जातात. नर-मादी दोघेही राबतात. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे सोसायटीशी बोलताना हेच कामाला येतात: तुम्ही मागत असता ती सवलत जेमतेम दीड महिन्याची असते.

या काळात इतके पाळा:

- झाडापासून लांब उभे राहा. पक्षी अन्न घेऊन आला आणि भोकात न शिरता शेजारच्या फांदीवर थांबून राहिला, तर तुम्ही फार जवळ आहात. मागे सरा.
- मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून बोलावू नका. त्याला वाटते प्रतिस्पर्धी आला. तो पिल्ले सोडून भांडायला येतो.
- भोकात काठी, टॉर्च, सेल्फी-स्टिक घालू नका. हे नुसते वाईट वागणे नाही, बेकायदा आहे. कसे ते पुढे सांगतो.
- घरट्याची नेमकी जागा सगळ्या ग्रुपवर टाकू नका. दुसऱ्या दिवशी तिथे बारा कॅमेरे उभे राहतात.

काही दिवसांनी त्याच भोकातून पोपट मान बाहेर काढून बसलेला दिसला तर दचकू नका. पोपट, साळुंक्या आणि पिंगळे यांना स्वतः लाकूड कोरता येत नाही. सुताराने सोडलेले घर ते भाड्याने घेतात, आणि पोपट तर कधी मालकाला हुसकावूनही घेतो. त्या भांडणात आपण पडायचे नाही.

‘हा झाड मारतोय’

नाही. हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर. सुतार जिथे ठोकतो तिथे बहुधा आधीच कीड असते किंवा लाकूड कुजलेले असते. कठीण, जिवंत लाकडात खोल भोक पाडणे त्याला परवडत नाही. तो वरचेवर एकाच झाडावर येत असेल तर झाडाच्या आजाराची ती खबर समजा आणि माळ्याला बुंधा तपासायला सांगा. उपाय म्हणून बुंध्यात कीटकनाशक ओतायची पद्धत आहे, ती मला अजिबात मान्य नाही. त्याच मुंग्या आणि अळ्या हे त्याचे आणि त्याच्या पिल्लांचे अन्न आहे.

पोकळी सिमेंटने बुजवायची टूमही दिल्लीत बरीच आहे. बुजवण्याआधी निदान दोन-तीन सकाळ तिथे कोणी येते-जाते का ते बघा. आत पिल्ले असताना भोक लिंपले गेले तर पुढे काय होते ते सांगायला नको.

बाजारात मिळणारी लाकडी घरटी सोनपाठ्यासाठी घेऊ नका. तो आपले घर आपण कोरतो. त्याला द्यायचेच असेल तर वाळका बुंधा द्या. झाड मेले असेल आणि कोसळायचा धोका असेल, तर पसरलेल्या जड फांद्या रीतसर परवानगीने उतरवून खालचा दहा-बारा फुटांचा बुंधा उभा ठेवता येतो. शेवगा, सावर, आंबा यांचे लाकूड मऊ असते, ते त्याला आवडते.

झाड तोडायला माणसे आली तर

हा भाग शांतपणे वाचून ठेवा. कुऱ्हाडवाला दारात आल्यावर वाचायला वेळ मिळत नाही. मला मिळाला नव्हता. आम्ही आधी राहायचो त्या सोसायटीत एका वाळलेल्या शेवग्यात सोनपाठ्याची जोडी होती. रविवारी सकाळी मी दूध आणायला गेलो, परत आलो तेव्हा बुंधा आडवा झाला होता. ‘मेलेलं झाड होतं, त्याला परवानगी कशाला?’ असे मला सांगण्यात आले, आणि मला तेव्हा उत्तर देता आले नाही. उत्तर असे आहे:

1. दिल्ली वृक्ष संरक्षण कायदा, १९९४. दिल्लीत झाड तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची, म्हणजे वन विभागाच्या त्या-त्या क्षेत्राच्या उपवनसंरक्षकाची, पूर्वपरवानगी लागते. जमीन खासगी असो की सोसायटीची. जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंचीवर खोडाचा व्यास ५ सेंटिमीटर आणि झाडाची उंची १ मीटर असली की कायद्याच्या दृष्टीने ते ‘झाड’ झाले. ‘आमच्या आवारातले आहे’ हे उत्तर चालत नाही.
2. तातडीची सवलत. जिवाला, मालमत्तेला किंवा रहदारीला गंभीर धोका असेल तर मालक लगेच झाड तोडू शकतो, पण २४ तासांत वृक्ष अधिकाऱ्याला कळवावे लागते. कोणी ‘धोका होता’ म्हणाले, तर कळवल्याची प्रत मागा.
3. छाटणी. १५.७ सेंटिमीटरपर्यंत घेराच्या फांद्या परवानगीविना छाटण्याची जी मुभा होती, ती २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केली. तेव्हा ‘नुसती छाटणी आहे’ असे सांगितले तरी कागद बघायला मागा.
4. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. यातली ‘शिकार’ बंदूक-जाळ्यापुरती नाही. पक्ष्याची अंडी फोडणे, अंडी किंवा घरटे विस्कटणे हेही तिच्यात मोडते. झाड तोडायची परवानगी असली तरी आतल्या घरट्याचा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

भांडू नका, तारखेसह फोटो घ्या: भोक, त्यात शिरणारा पक्षी, बुंधा आणि मागे ओळखू येईल अशी इमारत. मग सोसायटीच्या सचिवांना लेखी द्या की आत वीण चालू आहे, काम दीड महिना पुढे ढकलावे. माझा अनुभव असा की ‘झाड तोडू नका’ म्हटले की सभेत दोन तट पडतात, ‘जूनअखेर तोडा’ म्हटले की बहुतेक जण मान डोलावतात. न ऐकल्यास वन विभागाकडे तक्रार करा आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा.

एक अडचण सीमेची. दिल्लीचा वृक्ष कायदा यमुनापारच्या दिल्लीतही लागू आहे, पण नोएडा-गाझियाबादला उत्तर प्रदेशाचे आणि गुरुग्राम-फरिदाबादला हरियाणाचे नियम चालतात. तिथे आपल्या जिल्ह्याच्या विभागीय वन अधिकाऱ्याकडे जायचे. वन्यजीव कायदा मात्र सगळीकडे एकच.

जखमी सापडला तर

दिल्लीत याचा मोसम ठरलेला आहे. जुलै-ऑगस्टमध्ये, १५ ऑगस्टच्या पतंगांच्या आगेमागे, मांजा सगळ्या झाडांवर लोंबकळतो. नायलॉनच्या, ‘चिनी’ म्हणवल्या जाणाऱ्या मांजावर दिल्लीत २०१७ पासून बंदी आहे, पण तो मिळतो. झाडावर अडकलेला मांजा हात पुरेल तेवढा रोज काढत चला.

पंखात मांजा रुतलेला पक्षी मिळाला तर ओढून सोडवू नका, दोन्ही बाजूंनी कात्रीने कापा आणि रुतलेला तुकडा तसाच राहू द्या. भोके पाडलेल्या खोक्यात जुने सुती कापड घालून त्यात ठेवा, झाकण लावा, अंधार करा. चोचीत पाणी ओतू नका, दूध-पाव तर मुळीच नको. सुताराच्या चोचीपासून आपले डोळे लांब ठेवा, कोंडीत सापडला की तो मारतो. लाल किल्ल्यासमोरच्या जैन लाल मंदिरातले धर्मादाय पक्षी रुग्णालय बऱ्याच दिल्लीकरांना ठाऊक आहे. निघण्यापूर्वी फोन करून घेतील का ते विचारा, म्हणजे चांदनी चौकाच्या गर्दीत हेलपाटा नको. पक्षी बरा होईपर्यंत घरात पाळायचा विचार मनात आला तर झटकून टाका. तोही गुन्हा आहे.

उडायला नुकतेच शिकलेले पिल्लू जमिनीवर दिसले आणि अंगावर जखम नसेल, तर ते अनाथ नाही. मांजर-कुत्रे हाकला, पिल्लू जवळच्या खोडावर टेकवा, आणि दूर व्हा. ते आपोआप चढू लागते.

उन्हाळ्यात गावी गेलात की

इथे शिकलेले तिथे जरा सुधारून घ्यावे लागते. कोकणात, सह्याद्रीत गेलात की सोनेरी पाठीचे एकाहून अधिक सुतार भेटतात. त्यांतला मोठा सोनपाठी दिल्लीच्या पाहुण्यांना फसवतो. त्याचा गळा काळा नसून पांढरा असतो, त्यावर बारीक काळ्या रेघा असतात, आणि कंबर लाल. पांढऱ्या मानेचा सुतारही त्याच रानांत असतो, त्याची मागून मान बघा. झाडावर मुंग्यांनी बांधलेल्या फुटबॉलएवढ्या गोळ्यात शिरणारा तांबूस सुतार दिसला तर जेवण थंड होऊ द्या, पण तो पुरता बघून घ्या. त्याच मुंग्यांच्या घरात तो स्वतःचे घरटे करतो.

फोटो पाठवताना

नुसता पक्षी पाठवू नका. एका फोटोत पाठ, दुसऱ्यात गळा यावा, आणि शक्य असेल तर शेपटी खोडाला टेकली आहे की नाही ते दिसावे. जागा, तारीख, वेळ आणि झाडाचे नाव लिहा. मोबाइलच्या अ‍ॅपने सांगितलेले नाव कळवायला हरकत नाही, पण ते ‘अ‍ॅप म्हणते’ असे कळवा. आवाज ऐकू आला असेल तर अर्ध्या मिनिटाचे ध्वनिमुद्रण जोडा. आणि एकदा त्या फोटोतल्या चोचीकडे बघून घ्या: खाली वळलेली असेल तर मला विचारायची गरजच नाही.